फॉरेन्सिक केमिस्ट्री: कोणते विषय, कोणत्या क्रमाने?

गुन्ह्याच्या तपासातलं रसायनशास्त्र हे करिअर म्हणून निवडायचं, तर विद्यापीठात काय शिकावं, अशा अर्थाची बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: मुलगी यंदा विद्यापीठात प्रवेश घेईल. तिला फॉरेन्सिक केमिस्ट व्हायचं आहे. 'फॉरेन्सिक सायन्स' नावाची पदवी घ्यावी की सरळ केमिस्ट्रीची? घरात दोन पक्ष पडले आहेत.

पदवीच्या नावावरून वाद घालू नका. दोन्ही अभ्यासक्रमांच्या विषयपत्रिका शेजारी-शेजारी ठेवा आणि केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलचे तास मोजा. जप्त अमली पदार्थ तपासणाऱ्या अनेक प्रयोगशाळा 'स्वॅगड्रग' या तज्ज्ञगटाच्या शिफारशी प्रमाण मानतात. त्यांत विश्लेषकासाठी विज्ञानाची पदवी आणि जनरल, ऑरगॅनिक व ॲनालिटिकल केमिस्ट्री या तिन्हींची थिअरी प्रॅक्टिकलसकट झालेली असावी, असं म्हटलं आहे. पदवीवर 'फॉरेन्सिक' लिहिलेलं असण्याची अट नाही.

फॉरेन्सिक नावाच्या पदव्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. काही मुळात दणदणीत केमिस्ट्रीच्या पदव्या असतात, वर थोडं न्यायशास्त्र. काहींमध्ये बोटांचे ठसे, छायाचित्रण, गुन्हेगारी मानसशास्त्र, हस्ताक्षर असं सगळं चिमूटभर असतं आणि केमिस्ट्री जेमतेम एका वर्षाची. दुसऱ्या प्रकारातली पदवी घेऊन रसायन विभागात अर्ज केला की पहिल्या चाळणीतच नाव गळतं.

पत्रिकेत हे शोधा: ऑरगॅनिक केमिस्ट्रीची दोन सत्रं, दोन्हींना प्रॅक्टिकल. क्वांटिटेटिव्ह ॲनालिसिस. इन्स्ट्रुमेंटल ॲनालिसिस, म्हणजे यंत्रांनी केलेलं विश्लेषण, आणि त्यात विद्यार्थी यंत्र स्वतः चालवतात की काचेपलीकडून बघतात, हे विभागात जाऊन विचारा. फिजिकल केमिस्ट्री निदान एक सत्र. कॅल्क्युलस, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्राची दोन सत्रं. हे सगळं असेल तर कोणतीही पदवी चालेल. नसेल तर केमिस्ट्री घ्या आणि फॉरेन्सिक विषय पदव्युत्तर पातळीवर करा. आमचा कल एरवीही याच मार्गाकडे आहे. सरकारी प्रयोगशाळांतल्या जागा थोड्या आणि भरती लांबते. तोवर केमिस्ट्रीच्या पदवीवर औषध, पर्यावरण किंवा अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत काम मिळतं, आणि तिथे शिकलेलं पुढे जसंच्या तसं उपयोगी पडतं.

प्रश्न: मी पहिल्या वर्षाला आहे. चार वर्षांत कोणता विषय कधी घ्यावा? सीनियर म्हणतात, 'ऑरगॅनिक जड आहे, पुढे ढकल.'

नेमकं तेच करू नका. या आखणीत एक साखळी आहे: जनरल केमिस्ट्री झाल्याशिवाय ऑरगॅनिक मिळत नाही, क्वांटिटेटिव्ह झाल्याशिवाय इन्स्ट्रुमेंटल मिळत नाही, आणि कॅल्क्युलस व भौतिकशास्त्राशिवाय फिजिकल केमिस्ट्रीला बसू देत नाहीत. शिवाय इन्स्ट्रुमेंटलसारखा वरच्या पातळीवरचा विषय बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदाच शिकवतात. म्हणजे खालचा विषय एका सत्राने मागे पडला, की वरचा अख्ख्या वर्षाने मागे जातो. मग इंटर्नशिपसाठी अर्ज करायच्या वेळी हातात एकाही यंत्राचा अनुभव नसतो.

पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री आणि कॅल्क्युलस. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिकची दोन्ही सत्रं, सोबत भौतिकशास्त्र, आणि जमत असेल तर क्वांटिटेटिव्ह ॲनालिसिस. संख्याशास्त्रही दुसऱ्याच वर्षी उरका, कारण तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येक प्रयोगवहीत त्याची गरज लागते. तिसरं वर्ष इन्स्ट्रुमेंटल, फिजिकल आणि बायोकेमिस्ट्रीसाठी. तिसऱ्या वर्षानंतरची सुट्टी इंटर्नशिपसाठी राखून ठेवा. चौथ्या वर्षी प्रकल्प, फॉरेन्सिकचे ऐच्छिक विषय आणि पुराव्याच्या कायद्यावरचा एखादा विषय. पदवी तीन वर्षांची असेल तर हाच क्रम ठेवा, फक्त बायोकेमिस्ट्री आणि कायदा पदव्युत्तर वर्गाकडे सरकवा. ऑरगॅनिक आणि क्वांटिटेटिव्ह एकाच सत्रात आले तर आठवड्याला दोन लांब प्रॅक्टिकलं येतात. त्या सत्रात तिसरा प्रॅक्टिकलचा विषय घेऊ नका, नाहीतर प्रयोगवह्या लिहिण्यातच रात्री जातात आणि समजत काहीच नाही.

प्रश्न: सगळे म्हणतात, 'जीसी-एमएस यायला हवं.' यायला हवं म्हणजे नेमकं किती? सॉफ्टवेअरच्या लायब्ररीने नाव दिलं की काम झालं ना?

झालं नाही. जीसी-एमएसमधली जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) मिश्रणातले घटक वेगळे करते आणि एमएस (मास स्पेक्ट्रोमेट्री) प्रत्येक रेणू फोडून त्याच्या तुकड्यांचा ठसा, म्हणजे मास स्पेक्ट्रम, देते. सॉफ्टवेअर तो ठसा आपल्या साठ्याशी, म्हणजे लायब्ररीशी, ताडतं. लायब्ररी सुचवते, निष्कर्ष तुम्ही काढायचा असतो.

एक उदाहरण नीट पाहू. मेथॅम्फेटामिन आणि फेंटरमिन. पहिलं अमली पदार्थ म्हणून कुप्रसिद्ध, दुसरं वजन घटवण्याचं औषध. दोन्हींचं रेणुसूत्र एकच, सी१०एच१५एन, रेणुभार १४९. नेहमीच्या ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांच्या मारात दोन्ही रेणू एकाच जागी तुटतात आणि दोन्हींचं सर्वांत उंच शिखर एम/झेड (तुकड्याचं वस्तुमान भागिले विद्युतभार) ५८ ला येतं. सोबत ९१ ला बेंझिल गटाचं छोटं शिखर, तेही दोन्हींत. मूळ रेणूचं १४९ चं शिखर जवळपास दिसतच नाही. लायब्ररी दोघांनाही भरघोस गुण देऊन मोकळी होते. इथे ज्याला ऑरगॅनिक केमिस्ट्री येते, त्याला कळतं की नायट्रोजनशेजारच्या कार्बनचा पुढचा बंध तुटून बनलेला हा तुकडा आहे आणि असा तुकडा देणारे रेणू अनेक आहेत. मग तो रिटेन्शन टाइम (रेणूला कॉलममधून, म्हणजे जीसीच्या बारीक नळीतून, बाहेर यायला लागणारा वेळ) प्रमाण नमुन्याशी ताडून बघतो, गरज पडली तर डेरिव्हेटायझेशन करतो, म्हणजे रेणूला दुसरा गट जोडून पुन्हा तपासतो, एफटीआयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) घेतो. इन्फ्रारेडमध्ये दोघांचे ठसे स्पष्ट वेगळे येतात. कॅथिनोन या उत्तेजक अमली पदार्थांच्या गटातल्या रेणूंवर फ्लोरीन दुसऱ्या, तिसऱ्या की चौथ्या जागी आहे, हे ठरवतानाही हीच अडचण येते: मास स्पेक्ट्रम जवळजवळ सारखे, आणि कायद्याच्या यादीत मात्र नेमकं नाव लागतं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. कोकेनचा क्षार (हायड्रोक्लोराइड) आणि मोकळा बेस यांत जीसी-एमएस फरक दाखवत नाही, एफटीआयआर दाखवतो. गांजातलं टीएचसी-आम्ल जीसीच्या तापलेल्या इंजेक्टरमध्ये कार्बन डायऑक्साइड गमावून टीएचसी (नशा आणणारा घटक) बनतं. दोन्ही वेगवेगळी मोजायची तर बहुधा एलसी (द्रव क्रोमॅटोग्राफी) वापरतात, आणि एकूण टीएचसी काढताना आम्लाच्या आकड्याला ०.८७७ ने गुणावं लागतं. हा गुणक कुठून आला, ते दोन रेणुभार भागून स्वतः काढून बघा.

म्हणून स्वॅगड्रगच्या शिफारशींत तंत्रांचे तीन वर्ग केले आहेत. 'ए' वर्गात मास स्पेक्ट्रोमेट्री, इन्फ्रारेड, रामन, एनएमआर यांसारखी रचना सांगणारी तंत्रं. 'बी' मध्ये जीसी, एलसी, टीएलसी (पातळ थरावरची क्रोमॅटोग्राफी) यांसारखी वेगळं करणारी. 'सी' मध्ये रंगचाचण्या वगैरे. 'ए' वर्गातलं एक वापरलं तरी सोबत दुसरं किमान एक लागतंच. रंगचाचणीवर एकट्याने विसंबू नये, याचं कारण साधं आहे: कोबाल्ट थायोसायनेट कोकेनला निळा रंग देतं, तसाच डायफेनहायड्रामिन या ॲलर्जीच्या औषधालाही देतं.

विद्यार्थीदशेत 'येतं' म्हणायला निदान एवढं यावं: ३० मीटर लांब, ०.२५ मि.मी. आतला व्यास आणि ०.२५ मायक्रोमीटर थराचा कॉलम म्हणजे काय आणि थर जाड केला तर काय बदलतं. स्प्लिट (नमुन्याचा थोडाच भाग कॉलममध्ये सोडणं) आणि स्प्लिटलेस (जवळपास सगळा सोडणं) कधी वापरायचं. इंजेक्टरचं रबरी झाकण (सेप्टम) आणि आतली काचनळी (लायनर) स्वतः बदलणं. शिखराला शेपटी फुटली तर दोष कॉलमचा, लायनरचा की नमुना जास्त झाल्याचा, हे क्रमाने तपासणं. आणि प्रत्येक नमुन्याआधी नुसत्या द्रावकाचा ब्लँक चालवणं. आधीच्या तीव्र नमुन्याचा अंश सुईत किंवा लायनरमध्ये राहिला, तर पुढच्या निर्दोष नमुन्यात अमली पदार्थ 'सापडतो'. आधीचा ब्लँक स्वच्छ असल्याचा कागद नसेल, तर तो निकाल कोर्टात टिकत नाही. टिकूही नये.

प्रश्न: गणिताची भीती वाटते. संख्याशास्त्र टाळता येईल का?

कॅल्क्युलस एकवेळ रडतखडत पास झालात तरी निभेल. संख्याशास्त्र मात्र रोजच्या कामात लागतं.

समजा कायद्यात ५ ग्रॅमच्या वर शिक्षा वाढते आणि जप्त पुड्या १० आहेत. प्रत्येक पुडी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलली. तराजूची प्रमाण अनिश्चितता ०.०१ ग्रॅम. दोन तोलांच्या वजाबाकीत ती वर्गमुळाने वाढून ०.०१४ होते. एकूण निव्वळ वजन ५.२० ग्रॅम आलं. दहा पुड्यांच्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या, तर ०.०१४ गुणिले १० चं वर्गमूळ, म्हणजे ०.०४५. सुमारे ९५ टक्के विश्वासासाठी दुप्पट केलं की ०.०९. वजन ५.११ ते ५.२९, मर्यादेच्या स्पष्ट वर. पण तराजू एकच, कॅलिब्रेशन एकच, म्हणून चुका सगळ्या एकाच बाजूला झुकत असतील, तर त्या सरळ बेरजेने वाढतात: ०.१४, दुप्पट ०.२८. आता पल्ला ४.९२ ते ५.४८ झाला आणि मर्यादा त्याच्या पोटात आली. तराजू तोच, पुड्या त्याच, पण आरोपीची शिक्षा बदलू शकते. कोणतं गृहीतक योग्य, हे तोलण्याची पद्धत पाहून ठरवावं लागतं, आणि सावध प्रयोगशाळा मोठा पल्ला देते.

दुसरं काम नमुने निवडण्याचं. सारख्या दिसणाऱ्या १०० पुड्यांपैकी किमान ९० टक्क्यांत अमली पदार्थ आहे, असं ९५ टक्के विश्वासाने म्हणायचं असेल, तर २३ पुड्या तपासाव्या लागतात आणि त्या सगळ्या पॉझिटिव्ह याव्या लागतात. हे हायपरजॉमेट्रिक, म्हणजे उचललेली वस्तू परत न ठेवता काढलेल्या नमुन्यांच्या, वितरणातून निघतं. साठा कितीही प्रचंड असला तरी आकडा २९ च्या पुढे जात नाही. 'दहा टक्के तपासा' हा सोपा नियम छोट्या साठ्यात अपुरा पडतो आणि मोठ्या साठ्यात महिनोन्‌महिने वाया घालवतो. फक्त पुड्या डोळे मिटून, म्हणजे यादृच्छिक, निवडायच्या. वरच्या वर उचललेल्या २३ पुड्यांना हे गणित लागू होत नाही.

तेव्हा जे संख्याशास्त्र घ्याल त्यात वितरणं, विश्वास-पल्ले, रिग्रेशन आणि बेझचा नियम असावा. नुसती सरासरी आणि आलेख शिकवणारा विषय पुरत नाही.

प्रश्न: विषशास्त्र, अमली पदार्थ, जळीत प्रकरणं, काच-रंग-धागे. यांतलं काय निवडावं, आणि त्यानुसार ऐच्छिक विषय कोणते?

पदवीच्या काळात निवडू नका. नोकरीत ज्या विभागात जागा असेल तिथे जावं लागतं. तरी ऐच्छिक विषयांचा कल ठेवता येतो.

विषशास्त्रासाठी बायोकेमिस्ट्रीची दोन सत्रं, फार्माकोलॉजी आणि शरीरक्रियाशास्त्र. यंत्र म्हणाल तर एलसी-एमएस/एमएस (द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेली दोन टप्प्यांची मास स्पेक्ट्रोमेट्री). इथे रेणू ओळखणं हा अर्धाच भाग. आकड्याचा अर्थ लावणं अवघड. मृत्यूनंतर काही औषधं अवयवांतून रक्तात पाझरतात, त्यामुळे हृदयातल्या रक्तात आलेला आकडा मांडीच्या रक्तवाहिनीतल्या आकड्यापेक्षा बराच मोठा असू शकतो. अल्कोहोलच्या आकड्यातही फसगत होते. हेडस्पेस जीसीवर (नमुन्यावरची वाफ तपासणाऱ्या जीसीवर) एन-प्रोपॅनॉल इंटर्नल स्टँडर्ड (मोजणीसाठी मुद्दाम मिसळलेला ठरावीक प्रमाणाचा पदार्थ) म्हणून वापरतात, पण कुजलेल्या नमुन्यात ते जंतूंमुळे आपोआपही तयार होतं आणि गणित बिघडवतं. म्हणून अनेक जण टर्शरी ब्युटॅनॉल घेतात.

जळिताच्या तपासाला पेट्रोलियमची केमिस्ट्री आणि नमुना ओळखण्याची नजर लागते. राख-कोळसा हवाबंद डब्यात, वर वाफ शोषणारी सक्रिय कोळशाची पट्टी टांगून, साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला कित्येक तास, बहुधा रात्रभर. मग पट्टी कार्बन डायसल्फाइडसारख्या द्रावकात धुऊन जीसी-एमएस. चूक होते ती अशी: वाफ फार झाली तर पट्टी भरून जाते, जड हायड्रोकार्बन हलक्यांना ढकलून बाहेर काढतात, आणि मिश्रण होतं त्यापेक्षा जड दिसू लागतं. शिवाय गालिचा आणि फोम जळाले की स्वतःच स्टायरिन, टोल्युइनसारखे पदार्थ सोडतात. ते बघून 'पेट्रोल होतं' म्हणणं हा नवख्याचा ठरलेला अपघात. पुरावा साध्या पॉलिथिनच्या पिशवीत आला तर वाफ आरपार निघून गेलेली असते, हे वेगळंच.

काच, रंग, धागे आणि गोळीबाराच्या अवशेषांसाठी मायक्रोस्कोपी शिका. पोलराइज्ड प्रकाशाचा मायक्रोस्कोप शिकवणारा विषय दिसला तर डोळे झाकून घ्या, फार कमी ठिकाणी उरला आहे. बहुतेक वेळा तो केमिस्ट्री विभागात नसून भूगर्भशास्त्रात खनिजांच्या वर्गात सापडतो.

अमली पदार्थांसाठी वेगळं काही नको. प्रगत ऑरगॅनिक आणि स्पेक्ट्रोस्कोपी पुरे.

प्रश्न: डीएनएचे विषयही घ्यावेत का? दोन्हीकडे दार उघडं राहील.

एक सत्र ओळख म्हणून ठीक. डीएनए विभाग जनुकशास्त्र, रेण्वीय जीवशास्त्र आणि बायोकेमिस्ट्री स्वतंत्रपणे मागतो. दोन्ही दगडांवर पाय ठेवलेत तर इन्स्ट्रुमेंटलचा वेळ जातो.

प्रश्न: इंटर्नशिप मिळत नाही. फॉरेन्सिक प्रयोगशाळा म्हणतात, बाहेरच्यांना पुराव्याजवळ येऊ देत नाही. मग अनुभव आणायचा कुठून?

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. तिथे इंटर्नला मिळालं तरी पद्धतींची पडताळणी, संदर्भसाठा लावणं, द्रावणं बनवणं असंच काम मिळतं. त्याऐवजी आयएसओ/आयईसी १७०२५ (तपासणी प्रयोगशाळांच्या सक्षमतेचं आंतरराष्ट्रीय मानक) मानांकन असलेली कुठलीही तपासणी प्रयोगशाळा बघा: पाणी, अन्न, औषध, काहीही. फॉरेन्सिक प्रयोगशाळाही बहुधा याच मानकाखाली चालतात. तिथे पद्धतीची पडताळणी कशी करतात, शोधमर्यादा (पद्धतीला दिसू शकणारं सर्वांत कमी प्रमाण) कशी काढतात, कंट्रोल चार्टवर बिंदू हद्दीबाहेर गेला तर काय करतात, हे शिकता येतं. मुलाखतीत 'सहा महिने फॉरेन्सिक लॅबमध्ये बसलो' यापेक्षा 'या पद्धतीची पडताळणी मी केली, हा तिचा रिकव्हरीचा आकडा' (म्हणजे मिसळलेल्यातलं किती परत सापडलं) हे वजनदार ठरतं.

विभागातल्या प्रकल्पासाठी कायदेशीर पदार्थ निवडा. कॅफीन, पॅरासिटामॉल आणि भेसळीचे पदार्थ यांचं मिश्रण जीसी-एमएस आणि एफटीआयआर दोन्हींनी ओळखणं, मोजणं आणि अनिश्चितता देणं हा उत्तम प्रकल्प आहे. परवानगीची कटकट नाही.

आणि वही. शाईने लिहा. चूक एका रेघेने खोडा, खाली मूळ आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. सुटा कागद नको, पांढरी शाई नको, 'नंतर भरू' म्हणून सोडलेली जागा नको. ही शिस्त केवळ दिखाव्याची नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये एका सरकारी रसायनतज्ज्ञाने चाचण्या न करताच निकाल लिहिल्याचं २०१२ मध्ये उघड झालं, आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकवीस हजारांहून अधिक अमली पदार्थ खटले रद्द केले.

प्रश्न: मी बोलायला फार लाजते. कोर्टात साक्ष द्यावी लागते हे खरं का? लागत असेल तर त्याची तयारी विद्यापीठात कशी करू?

खरं आहे. काही विभागांत वारंवार, काहींत वर्षातून क्वचित, पण साक्षीसाठी तयार नसलेल्याला स्वतंत्र प्रकरणं देत नाहीत. नोकरी लागल्यावरही आधी अनेक महिन्यांचं प्रशिक्षण, सक्षमता चाचणी आणि बहुतेक ठिकाणी लुटुपुटीचा खटला असतो. लाजणं हा अडथळा नाही. जास्त बोलणं हा आहे. वकिलाने विचारलं तेवढंच, आपल्या तपासणीच्या हद्दीत राहून सांगणाऱ्याची साक्ष टिकते.

विद्यापीठात सार्वजनिक भाषणाचा एक विषय घ्या, आणि कायदा विभागात मूट कोर्ट (विद्यार्थ्यांचा सराव-खटला) असेल तर तिथे तज्ज्ञ साक्षीदार म्हणून स्वतःहून नाव द्या. त्यांना असा माणूस हवाच असतो. घरी सराव करायचा तर विज्ञान न शिकलेल्या कुणाला तरी क्रोमॅटोग्राफी दोन मिनिटांत समजावा आणि त्याला उलट प्रश्न विचारू द्या. 'म्हणजे तुम्ही शंभर टक्के खात्रीने सांगता?' हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर 'हो' नाही आणि 'नाही' म्हणून गप्प बसणंही नाही. कोणत्या दोन स्वतंत्र तंत्रांनी तपासलं, प्रमाण नमुना सोबत चालवला होता का, ब्लँक स्वच्छ होता का आणि पद्धतीची मर्यादा काय, एवढं चार वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

प्रश्न: पदव्युत्तर शिक्षण ऑरगॅनिक सिंथेसिसमध्ये केलं, दोन वर्षं औषध कंपनीत आहे. आता वळलो तर उशीर झाला का?

नाही, उलट सिंथेसिस येणाऱ्याला अवैध प्रयोगशाळेतली अशुद्धी बघून कोणता मार्ग वापरला, हे लवकर ओळखता येतं. तुमच्याकडे कमी असेल ते संख्याशास्त्र आणि पुराव्याची ताबासाखळी (पुरावा कधी कुणाच्या हातात होता, याची नोंद). दोन्ही सायंकाळच्या वर्गात होतात. अर्ज करण्याआधी पूर्वायुष्य तपासणीचे फॉर्म वाचून घ्या. अमली पदार्थांच्या जुन्या सेवनाबद्दलही विचारतात. तिथे लपवलेली गोष्ट नंतर बाहेर आली, तर मूळ चुकीपेक्षा लपवाछपवीमुळेच अर्ज बाद होण्याची शक्यता जास्त असते.